पक्षी सप्ताह साजरा करताय? मग आधी एवढं वाचा

ऑक्टोबर सरत आला की पक्ष्यांविषयीची विचारणा सुरू होते आणि प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. पक्षी दिन नक्की कधी? शाळेत मुलांकडून काय करून घ्यायचं? दुर्बीण नसेल तर चालेल का? आणि हमखास येणारा आणखी एक: ‘सोसायटीतर्फे पिंजऱ्यातले पोपट विकत घेऊन मुक्त करायचे आहेत, कुठे मिळतील?’ विचारणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. पण तसा कार्यक्रम केलात, तर पक्ष्यांच्या सन्मानार्थ वन्यजीव कायदा मोडल्यासारखं होईल.

म्हणून कार्यक्रमाची कोणतीही कल्पना सुचली की आधी तीन गोष्टी विचारा. यात पक्ष्याला हात लावावा लागणार आहे का? त्याला मुद्दाम उडवावं लागणार आहे का? त्याच्या घरट्यापाशी जावं लागणार आहे का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर ती कल्पना सोडून द्या. करण्यासारखं बाकी पुष्कळ आहे.

दिवस कोणता धरायचा?

५ जानेवारीला व्हॉट्सॲपवर ‘राष्ट्रीय पक्षी दिना’च्या शुभेच्छा फिरतात. तो दिवस अमेरिकेतला. तिकडे डिसेंबरच्या मध्यापासून चालणारी नाताळातली पक्षीगणना त्या दिवशी संपते. ही गणना १९०० सालापासून चालू आहे. तुमची मुलं-नातवंडं तिकडे असतील, तर त्यांना तिच्यात जरूर भाग घ्यायला सांगा. इथे असाल तर हे दिवस लक्षात ठेवा:

- ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह. २०२०पासून महाराष्ट्र शासन तो साजरा करतं. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस (१९३२, सोलापूर), तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा (१८९६, मुंबई).
- १२ नोव्हेंबर, राष्ट्रीय पक्षी दिन. देशभर हाच दिवस धरतात.
- फेब्रुवारीच्या मध्यातले चार दिवस, शुक्रवार ते सोमवार. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जगभर एकाच वेळी होणारी गणना. भारत २०१३पासून तिच्यात आहे. शाळा-महाविद्यालयांच्या आवारांसाठी वेगळा उपक्रमही असतो.
- २० मार्च, जागतिक चिमणी दिन. याची सुरुवात २०१० साली नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने झाली.
- मे आणि ऑक्टोबरमधला दुसरा शनिवार, जागतिक स्थलांतरित पक्षी दिन.

शाळेला यातला एकच दिवस जमणार असेल, तर माझं मत फेब्रुवारीच्या बाजूने आहे. पक्षी सप्ताहाला मान मोठा, पण पुष्कळदा त्याच दिवसांत दिवाळीची सुट्टी पडते आणि शाळेत चिटपाखरू नसतं. मग अहवालासाठी सुट्टीनंतर एखादी चित्रकला स्पर्धा उरकली जाते. फेब्रुवारीत शाळा भरलेली असते, पानगळीमुळे झाडं मोकळी झालेली असतात आणि पळस, पांगारा, काटेसावर फुलायला लागलेले असतात. काटेसावरीच्या एका झाडाखाली वर्ग नेऊन बसवला, तर अर्ध्या तासात साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आणि नशिबात असलं तर पळसमैनांचा अख्खा थवा मुलांना बसल्या जागी दिसतो. हिवाळी पाहुणे अजून परतलेले नसतात. घरच्या घरी किंवा सोसायटीत करायचं असेल, तर मात्र नोव्हेंबरचा सप्ताह उत्तम.

लांब जायलाच हवं का?

नको. निदान पक्षी सप्ताहात तरी नको.

दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्या-मुंबईची कुटुंबं रोहित पक्षी बघायला भिगवणला जातात आणि हिरमुसून परततात. त्यात पक्ष्यांचा दोष नाही. पाऊसमान चांगलं असलं की त्या वेळी उजनीचा जलाशय तुडुंब असतो. रोहित आणि चिखलपायी पक्ष्यांना उथळ पाणी लागतं, दलदल लागते. पाणी ओसरून काठ उघडा पडू लागला की गर्दी जमते, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीपासून पुढे. नांदूर मध्यमेश्वरचंही तसंच. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे बदकांची खरी जत्रा थंडी मुरल्यावर भरते. जायचंच असेल, तर गेल्या आठवड्यात काय दिसलं हे तिथल्या स्थानिक मार्गदर्शकाला फोनवर विचारून मगच निघा. अभयारण्य असेल, तर वनविभागाचं प्रवेश शुल्क भरा, वेळा पाळा आणि ड्रोन घरी ठेवा.

होडीतून जाणार असाल, तर आणखी एक. ‘जरा जवळ घ्या, थवा उडाला की फोटो मस्त येतो’ हे वाक्य नावाड्याला ऐकवू नका. नावाडी गिऱ्हाइकाचं मन मोडत नाही आणि एका सकाळी अशा दहा होड्या येतात. दर वेळी उडायला त्या पक्ष्यांची ताकद खर्च होते, चरणं थांबतं. उलट होडीत बसल्याबसल्याच सांगा, ‘दादा, लांबूनच दाखवा, थवा उडवायचा नाही.’ त्यांनाही बरं वाटतं, कारण पक्षी टिकले तरच त्यांचा हंगाम टिकतो.

घराजवळची पक्षीफेरी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

1. जागा आदल्या दिवशी ठरवा. पाणी, जुनी झाडं आणि थोडं मोकळं रान, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तर बस्स. गावाबाहेरचा ओढा, तळं, स्मशानभूमीच्या मागची झाडी, कृषी महाविद्यालयाचं आवार, काहीही चालतं.
2. सूर्योदयापासून दोन-अडीच तास धरा. नऊनंतर पक्षी सावलीला जातात. सकाळ जमत नसेल, तर संध्याकाळी साडेचार ते सहा.
3. एका गटात दहा-बाराच माणसं घ्या. जास्त झाली तर दोन गट करून वेगवेगळ्या दिशांना पाठवा.
4. कपडे मळखाऊ रंगाचे. मंडळाचा भगवा-पिवळा टी-शर्ट कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी घाला.
5. सूर्य पाठीशी राहील असं उभं राहा. उजेडाविरुद्ध पाहिलं तर प्रत्येक पक्षी कावळ्याच्या रंगाचा दिसतो.
6. चालण्यापेक्षा थांबा जास्त. एका जागी दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की दडून बसलेले पक्षी पुन्हा कामाला लागतात.
7. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. पिल्लांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो.

ओळख पटवायला लगेच पुस्तकात डोकं घालू नका. पक्षी समोर आहे तोवर त्याच्याकडेच पाहा आणि मनात चार नोंदी करा: चिमणी, साळुंकी, कावळा यांपैकी कुणाएवढा? चोच कशी? शेपूट कशी? आणि करतोय काय? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. नोव्हेंबरात सोसायटीच्या गच्चीवर किंवा गाड्या धुतात तिथल्या ओल्या फरशीवर एक सडपातळ पक्षी तुरुतुरु पळतो आणि थांबला की लांब शेपूट सारखी वर-खाली करतो. रंग नीट दिसला नाही तरी हा धोबी. पोटाखाली पिवळा असेल, तर बहुतेक करडा धोबी, हिमालयाकडून किंवा त्याहून उत्तरेकडून हिवाळ्यापुरता आलेला. काळा-पांढरा, अंगाने मोठा आणि पांढऱ्या भुवईचा असेल, तर तो बारा महिने इथलाच. तारेवर बसून मधेच झेप घेणारा आणि फिरून त्याच जागी येणारा हिरवा पक्षी म्हणजे वेडा राघू. त्याने मधमाशी पकडली की थोडं थांबा. तो ती तारेवर आपटतो, घासतो, नांगीचं विष काढतो आणि मगच गिळतो. मुलांना हे एकदा दाखवलं की पुढचे चार दिवस ती तारांकडेच बघत चालतात.

गुडघे दुखतात, फिरणं जमत नाही, अशा वाचकांनी खिडकीतूनच सुरुवात करावी. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खिडकीतून, वीस मिनिटं. आठवडाभराच्या अशा नोंदी एकदाच केलेल्या लांबच्या सहलीपेक्षा जास्त सांगून जातात.

दुर्बीण: घ्यावी का आणि लावावी कशी?

पहिल्या फेरीला दुर्बीण लागत नाही. गोडी लागली तर ८×४२ पाहा. ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगली, या समजुतीने बरेच जण १०×५० किंवा त्याहून मोठी घेतात. ती जड असते, हात थरथरला की चित्रही थरथरतं आणि महिन्याभरात ती कपाटात जाते. जत्रेत मिळणारी खेळण्यातली दुर्बीण मुलांना देऊ नका, पहिल्याच दिवशी त्यांचा उत्साह मावळेल.

चांगली दुर्बीण हातात असूनही ‘मला काही दिसतच नाही’ म्हणणारे खूप भेटतात. त्यांची दुर्बीण डोळ्यांना जुळवलेलीच नसते. हे एकदाच करायचं काम आहे:

1. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ होईल असं करा.
2. उजवा डोळा मिटा. डाव्या डोळ्याने लांबची एखादी पाटी बघत मधलं चाक फिरवा आणि अक्षरं स्पष्ट करा.
3. आता डावा डोळा मिटा. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा.
4. ती कडी कुठे राहिली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

चष्मा असेल, तर डोळ्यांकडची रबरी कड आत वळवा किंवा फिरवून खाली करा. पक्षी शोधायला दुर्बीण इकडेतिकडे फिरवत बसू नका. नजर पक्ष्यावरच रोखून ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. सूर्याच्या दिशेला ती कधीच नेऊ नका. मुलांना हे दोनदा बजावून सांगा.

पाहिलंत, आता लिहा

वहीत तारीख, जागा, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, पक्षी आणि संख्या एवढं लिहिलं तरी पुरे. तीच नोंद ईबर्ड या मोफत ॲपवर टाकलीत, तर ती अभ्यासकांच्याही उपयोगी पडते. कोणते पक्षी घटताहेत, कोणते पसरताहेत, याचे अंदाज आता बऱ्याच अंशी अशा सामान्य लोकांच्या यादीवरून बांधले जातात. यादी करताना चुका होतात त्या साधारण याच:

- फक्त ‘विशेष’ पक्षी लिहिणं. कावळा, कबुतर, चिमणी, साळुंकी हे आधी लिहा. उद्या ते कमी झाले तर कळणार कसं?
- ‘खूप’, ‘भरपूर’ असं लिहिणं. थवा असेल तर दहा पक्षी मोजा, तेवढे दहा किती वेळा बसतील याचा अंदाज घ्या आणि आकडा घाला.
- ओळख पटली नसताना नाव ठोकून देणं. ‘कुठलासा वटवट्या’ हेही प्रामाणिक उत्तर आहे.
- फोनमधल्या मर्लिन ॲपने आवाजावरून नाव सुचवलं की तेच खरं मानणं. ते फक्त सुचवतं, पक्षी डोळ्यांनी पाहून खात्री करा.
- घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकणं. दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. घुबडं आणि शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तर हे अजिबात नको.

शाळा, मंडळं, सोसायट्या: कार्यक्रम आखताना

घोषणा देत तळ्याकाठी काढलेली जनजागृती रॅली हा आपल्याकडचा आवडता प्रकार. ‘पक्षी वाचवा’ असं कर्ण्यावरून ओरडत शे-दीडशे मुलं काठावर पोचेपर्यंत तळ्यावर एकही पक्षी उरलेला नसतो. रॅली काढायचीच असेल तर बाजारपेठेतून काढा.

फुगे सोडू नका. त्यांचे तुकडे आणि दोरे झाडांत, पाण्यात जाऊन पडतात. घरट्यांचं प्रदर्शन भरवायला सुगरणीची घरटी तोडून आणू नका. ‘रिकामीच आहेत’ म्हणून ती दिवाणखान्यात टांगतात किंवा रस्त्यावर विकायला ठेवतात, पण मुनिया त्या जुन्या घरट्यांचा पुन्हा वापर करतात. मुलांना घरटं दाखवायचंच असेल, तर विहिरीवरच्या बाभळीपासून लांब उभं करून दाखवा.

मग करावं काय? आवारातल्या पक्ष्यांचा भिंतीवरचा तक्ता हा मला सगळ्यात टिकाऊ उपक्रम वाटतो. त्यावर पक्षी, पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि बघणाऱ्या मुलाचं नाव. सप्ताह संपला तरी तो उतरवायचा नाही. गावातल्या जुन्याजाणत्यांना बोलावून त्यांच्या लहानपणचे आणि आताचे पक्षी यांविषयी मुलांनी प्रश्न विचारावेत. मेंढपाळ, मच्छीमार, शेतकरी यांच्या तोंडी पक्ष्यांची जी नावं असतात, ती पुस्तकात नसली तरी वहीत यावीत. चितमपल्लींनी पक्ष्यांच्या नावांचं मोठं काम केलं, ते जंगलात नोकरी करताना तिथल्या माणसांचं ऐकून. दिवाळी याच दिवसांत असेल, तर ज्या झाडावर साळुंक्या किंवा बगळे रात्री वस्तीला येतात त्याखाली फटाके वाजवायचे नाहीत, एवढा ठराव सोसायटीने केला तरी तो सप्ताहाचा कार्यक्रमच झाला.

दाणे, पाणी आणि लाकडी घरटी

दाणे. कबुतरांना टाकू नका. त्यांची संख्या वाढते, विष्ठेचा त्रास माणसांना होतो आणि इतर पक्ष्यांच्या जागा जातात. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे आपण पाहिलंच. चिमण्यांसाठी मूठभर बाजरी किंवा राळे ठेवायला हरकत नाही, पण पोळीचे तुकडे, फरसाण, शिळा भात नको. आणि एक लक्षात घ्या, चिमणीची पिल्लं दाण्यांवर नाही, अळ्या-किड्यांवर वाढतात. बागेत औषध फवारून बाहेर बाजरी ठेवली तर त्या घरट्यात पिल्लं कशी जगणार?

पाणी. उथळ मातीचं पसरट भांडं घ्या. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड ठेवा. मांजर दबा धरू शकणार नाही, अशा जागी सावलीत ठेवा. रोज ओतून, घासून, पुन्हा भरा. तसंच राहिलं तर डासांची पैदास होते आणि डेंग्यूच्या नावाने शेजारी तक्रार करतील, ती रास्तच असेल. खरी गरज मार्च ते जून या काळात.

लाकडी घरटी. शेकडो वाटली जातात, थोडीच वापरात येतात. ती प्रामुख्याने ढोलीत किंवा भिंतीच्या खाचेत राहणाऱ्या पक्ष्यांच्या कामाची, म्हणजे चिमणी, दयाळ, साळुंकी. चिमणीसाठी भोक सुमारे सव्वा इंचाचं असावं. बाहेर बसायला दांडी नको, तिच्यावर बसून कावळा पिल्लं ओढतो. घरटं आठ-दहा फुटांवर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला पक्कं बसवा. झाडाला दोरीने टांगलेलं, वाऱ्यावर झोके घेणारं घरटं फोटोत छान दिसतं, चिमणी त्यात जात नाही.

पैसे खर्च करायचेच असतील, तर झाडांवर करा. जागा असेल तर उंबर, वड, पिंपळ, जांभूळ, पांगारा, काटेसावर, बोर. तांबट, हळद्या आणि आपला राज्यपक्षी हरियाल उंबर-वडावर येतातच. गच्चीतल्या कुंडीत जास्वंद लावलीत तर शिंजीर येईल.

बाल्कनीला कबुतरांची जाळी लावणार असाल, तर ती ताणून बसवून घ्या. सैल जाळीत बुलबुल आणि चिमण्या अडकून मरतात. मोठ्या काचांवर पक्षी आदळत असतील, तर काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवा. मध्ये एकच गरुडाचं चित्र लावून काही होत नाही.

पिल्लू किंवा जखमी पक्षी सापडला तर

पंख फुटलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं, तर ते बहुतेक उडायला शिकत असतं. आई-बाप जवळच असतात. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब जा. पिसं न फुटलेलं पिल्लू पडलं असेल आणि घरटं हाताला येत असेल, तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की चिमण्या पिल्लाला वाळीत टाकतात, ही समजूत चुकीची आहे.

खरोखर जखमी असेल तर:

1. सुती कापड टाकून हलकेच धरा. घार, शिक्रा, घुबड असेल तर चोचीपेक्षा नख्यांना जपा.
2. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, झाकण लावा. अंधार आणि शांतता हाच पहिला उपचार.
3. चोच उघडून पाणी, दूध, पाव काहीही घालू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो.
4. मांजा गुंतला असेल तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, पंखात रुतलेला भाग डॉक्टरांना काढू द्या.
5. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. जवळची वन्यजीव बचाव संस्था ते सांगू शकतात.

बरा होईपर्यंत घरी ठेवू, हा विचार मायेचा असला तरी वन्य पक्षी ताब्यात आला की ४८ तासांच्या आत वनविभागाला किंवा पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले, तर मात्र हातही लावू नका. २०२५च्या जानेवारीत उदगीरमध्ये कावळे मेले, ते बर्ड फ्लूने. अशा वेळी पशुसंवर्धन विभागाला कळवा, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा.

पिंजऱ्यातला पोपट आणि कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचे वन्य पोपट, मुनिया, डोंगरी मैना पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. विकत घेणंही गुन्हाच. ‘लहान असताना झाडाखाली सापडला होता’ किंवा ‘वीस वर्षांपासून घरातलाच आहे’ याने फरक पडत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी असेल तर त्याहून कडक. बाजारात मिळणारे परदेशी बजरीगर, लव्ह बर्ड यांचा प्रकार वेगळा, ते आपल्या रानातले नाहीत. पण म्हणून त्यांना ‘मुक्त’ करू नका, आपल्या हवेत ते जगत नाहीत.

विकत घेऊन सोडण्याच्या कल्पनेबद्दल सुरुवातीला म्हटलं, त्याचं कारण आता लक्षात येईल. तुम्ही दहा मुनिया विकत घेतल्यात की विक्रेता पुढच्या आठवड्यात वीस आणतो, आणि जाळ्यात-पिंजऱ्यात मेलेल्या मोजल्याच जात नाहीत.

घरात आधीपासून पोपट असेल तर खिडकी उघडून सोडून देऊ नका. पंख कापलेला, हाताने भरवून वाढवलेला पोपट बाहेर दोन दिवस तग धरत नाही. वनविभागाशी आपणहून संपर्क साधा आणि पक्षी त्यांच्या ताब्यात द्या. हे अवघड वाटतं, घरातली लहान मुलं रडतात. पण कुणी तक्रार केल्यावर घरी माणसं येण्यापेक्षा आपण गेलेलं बरं.

घरटी, झाडं, मांजा: तुमचा हक्क

बगळ्यांची घाण पडते म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला झाड छाटून घेणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत. नेमका तोच ढोकरी-बगळ्यांच्या विणीचा काळ असतो आणि एका फांदीबरोबर पाच-सहा घरटी खाली येतात. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी हलवणं-बिघडवणं हे कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ धरलं जातं. शिवाय शहरी भागात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे खासगी आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तोडीच्या प्रस्तावावर नागरिकांना हरकत घेता येते. तेव्हा:

- आवारात घरटी असतील तर फोटो काढून, तारीख घालून, छाटणी विणीनंतर करावी असं लेखी पत्र सोसायटीच्या सचिवांना आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला द्या. पोच घ्या.
- कुऱ्हाड चालू झालेलीच असेल तर परवानगीचा कागद मागा. नसेल तर १९२६ आणि पोलिसांचा ११२.
- नायलॉन मांजाची विक्री, साठा आणि वापर यांवर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७पासून बंदी आहे. संक्रांतीच्या आधी, डिसेंबरातच, दुकानात दिसला की पोलिसांना कळवा. पतंग उडून झाले की झाडात अडकलेला मांजा उतरवण्याची एक फेरी मंडळाने काढावी, तो महिनोन्‌महिने पक्षी मारत राहतो.
- दिवाळीच्या सुमारास घुबडांची चोरटी विक्री वाढते. कुणी घुबड विकत असल्याचं कळलं, तर खरेदीचं नाटक करायला स्वतः जाऊ नका. जागा, वेळ, गाडीचा क्रमांक आणि जमल्यास लांबून काढलेला फोटो, एवढं वनविभागाला द्या. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि चार दिवसांनी पुन्हा फोन करून पुढे काय झालं ते विचारा.